यंदाच्या पुराची माती

श्रीधरभावजी गेले, त्याला आता पाच आठवडे होतील. दवाखान्यातून फोन आला तो पुतण्याने घेतला, आणि त्याच्या "कब?" या एवढ्याशा शब्दावरून मला सगळं कळलं. मी पालक निवडत होते. निवडतच राहिले, थांबायचं सुचलंच नाही. गंगा तेव्हा ऐन पुरात होती, घाट सगळे पाण्याखाली. अग्नीसुद्धा स्मशानघाटावरच्या उंच गच्चीवर द्यावा लागला. जन्मभर पुरांच्या मागे लागलेला माणूस, गेला तोही पुरातच…

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. दुर्गाघाटच्या गल्लीत आमच्या कितीतरी पिढ्या झाल्या. सासरे आणि आमचे हे, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं-तर्पणं करणारे. भावजींनी मात्र विद्यापीठात जाऊन माती धरली. नदीकाठच्या उंच कड्यांमधले थर किती जुने, तेव्हा तिथे तळं होतं की रान, हे शोधायचं त्यांचं काम. "आम्ही यजमानांच्या तीन पिढ्या विचारतो, हा चिखलाच्या विचारतो," असं हे चिडवायचे. "दादा, तुझे यजमान नावं विसरतात. माझी वाळू विसरत नाही," हे भावजींचं ठरलेलं उत्तर.

मी शाळेत गेले ती सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकले ते भावजींना चहा देता देता. त्यांनी मला समजावलं ते असं : वाळूच्या कणाला ऊन लागलं की त्याची पाटी कोरी होते. मग तो गाळाखाली गाडला गेला की अंधारात त्याच्यात थोडं थोडं काहीतरी साठत जातं. प्रयोगशाळेत त्याच्यावर उजेड टाकला की ते साठलेलं चमकून बाहेर पडतं, आणि त्यावरून तो किती वर्षं अंधारात होता ते कळतं. म्हणून नमुना घेताना त्याला उजेड लागू द्यायचा नाही. मी म्हटलं, "म्हणजे लोणच्याच्या बरणीसारखं, मधेच उघडायचं नाही." ते इतके हसले! मग वर्गातही तेच सांगायला लागले.

खूप वर्षांपूर्वी एकदा पूर ओसरला आणि भावजींचा पाय प्लास्टरमध्ये. एका जुन्या पुराच्या थरावर त्यांनी मोठा लेख लिहिला होता, तो छापायला घेतला होता, आणि त्यावर त्यांची प्रोफेसरकी ठरायची होती. एकच पडताळा राहिला होता. यंदाच्याच पुराची माती तपासायची. ती ऊन लागून नुकतीच आलेली, म्हणजे तिचं वय शून्य यायला हवं. दुसऱ्या दिवशी पंप लावून घाटावरचा चिखल पुन्हा नदीत लोटणार होते. मी म्हटलं, "द्या ती नमुन्याची नळी इकडे." पदर खोचला, जाड काळी घोंगडी घेतली आणि खाली गेले. आमच्या पायरीवर छातीएवढा गाळ साचला होता. त्याच्या पोटात नळी ठोकली, घोंगडी डोक्यावरून घेऊन आत अंधारातच ती उपसली आणि दोन्ही तोंडांना काळी पट्टी गुंडाळली. नाकातोंडात चिखल. वरून शेजारीण विचारतेय, "अरे भाभी, कुछ खो गया का?"

शून्य नाही आलं. यंदाची माती चौदाशे वर्षांची निघाली!

भावजींचे एक सहकारी घरी आले होते. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशीच थबकले. ते म्हणत होते, "अरे गुरु, भाभीजी ने किनारे की पुरानी मिट्टी खुरच ली होगी. लिख दो कि सैंपल गड़बड़ था, बात खतम." भावजी शांतपणे म्हणाले, "वो सीढ़ी भाभी ने बाढ़ से पहले खुद धोई थी. उसके ऊपर जो है, इसी साल का है."

ते गृहस्थ गेल्यावर मी म्हटलं, "भावजी, माझंच चुकलं असेल हो. सांगून टाका तसं."

"चुकलं का?"

"…नाही."

"मग?"

एवढंच. चार दिवसांनी त्यांनी लेख परत मागवला. पुराच्या गढूळ पाण्यात पुष्कळ कणांना ऊन लागतच नाही, ते जुनी पाटी घेऊनच येतात; मग लेखातल्या त्या थराचं वयही फुगलेलंच असणार. प्रोफेसरकी गेली. "काय रे, तुझी वाळूही थापा मारते?" आमचे हे बोलून गेले, आणि मग दिवसभर भावाच्या खोलीसमोर घुटमळत राहिले. मला रात्र रात्र वाटायचं, खरंच कडेची माती आली असेल तर? या माणसाने माझ्या शब्दावर आपलं आयुष्य अडवलं…

पुढच्या वर्षी त्यांचा पाय बरा होता. मी म्हटलं, "आता तुम्हीच घ्या." त्यांनी नळी माझ्याच हातात दिली. माती पुन्हा जुनीच निघाली. त्या दिवशी मी देवापुढे बसून रडले. पुढे भावजी एकेक कण वेगळा तपासायला शिकले, ऊन लागलेले तेवढे निवडायला शिकले. त्यात कितीतरी वर्षं गेली. तो थर त्यांनी लिहिला होता त्याहून बराच तरुण निघाला. तसं त्यांनी छापलं आणि मग निवृत्त झाले. हुद्दा होता तोच राहिला.

गेल्या आठवड्यात पाणी उतरलं. त्यांची विद्यार्थिनी शालिनी, आता स्वतःच शिकवते, ती नळी घेऊन आली. मी म्हटलं, "बेटी, आता गुडघे ऐकत नाहीत, तू घे." ती म्हणाली, "सर कहते थे, इस सीढ़ी की मिट्टी अम्मा ही लेंगी." मग काय, तिचा हात धरून उतरले. नळी तिने ठोकली. घोंगडीत मी शिरले.

आत गार होतं, ओल्या गाळाचा वास होता. पट्टी गुंडाळून झाली होती. बाहेरून शालिनी विचारत होती, "अम्मा, हो गया?" मी नळी पोटाशी धरून थोडा वेळ तशीच बसून राहिले.