पेटीकाकांची संथ लय

पेटीकाकांचा हात पेटीवर उत्तम बसलेला होता, आणि तरीही आमच्या नाशिक रोडच्या चर्चमधली गीतं इतकी हळू चालत की पाहुणे वहीतून मान वर करून बघायचे. चार कडवी संपेपर्यंत पाळकसाहेबांच्या उपदेशातली दहा मिनिटं खर्ची पडत. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केल्याचं मात्र मला आठवत नाही.

काका अंबडच्या कारखान्यात फिटर. रविवारी रिक्षातून आईला घेऊन यायचे. ऐंशी उलटलेल्या आजी ठार बहिऱ्या. पहिल्या बाकावरून खणखणीत आवाजात गायच्या, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून. काका त्यांच्यासाठी थांबत, म्हणून मंडळीही थांबत. कोणी कुरकुरलंच तर काका म्हणत, "आईबापाचा मान राख, ही पाचवी आज्ञा पाठ आहे ना सगळ्यांना? मग तिलाच चाल लावलीय असं समजा."

आजी भर उपासनेत त्यांना "स्वेटर घाल" असं ओरडून सांगत. पन्नाशीतले काका निमूट घालत, एप्रिलमध्येसुद्धा. "आईचा मान राखायला फार काही लागत नाही," ते घाम पुसत म्हणायचे, "उकाडा सोसायची तयारी लागते."

मी तेव्हा कॉलेजात होते, म्हणजे शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. नाताळला बाहेरची मंडळी येणार होती. गायनमंडळातर्फे मी काकांना बजावलं, त्या दिवशी आजींना घरी ठेवा, नाहीतर आम्ही गाणार नाही. काका चिडले नाहीत.

"ठीक आहे. पण तिला तू सांग. मला ते जमायचं नाही."

मी त्यांच्या घरी गेले. आजी मटार सोलत होत्या. मी त्यांच्या कानाशी तोंड नेणार, तेवढ्यात त्यांनीच हात धरून मला बसवलं.

"तू पुढं उभं राहून गाती ना? मला काय ऐकू येत नाय पोरी. माझ्या योहानचा पेटीच्या भात्यावरचा हात बघते. हात हलला की म्हणायला लागते. देवाला द्यायला आता तेवढंच राहिलंय. चुकत तर नाय ना मी?"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि त्यांच्याबरोबर मटार सोलत बसले. स्वतःची इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. नाताळला आम्ही आजींच्याच लयीत गायलो. पाहुण्यांना काय वाटलं असेल ते असो.

गेल्या वर्षी आजी प्रभूजवळ गेल्या. पुढच्या रविवारी काकांनी गीत प्रथमच मूळ चालीत उचललं. भाता भराभर हलू लागला. ते दुसऱ्या ओळीवर पोचले तेव्हा आम्ही सगळे पहिलीच्या मध्यावर होतो. काका गोंधळून थांबले. मला रडू आवरेना, तरी म्हटलं, "काका, कुठं पळताय? आम्ही अजून मागंच आहोत."

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, हळू.