काकू म्हणाल्या, "वाढवा"

गेल्या महिन्यात शिनोलीत माझी एक फजिती झाली. काकूंनी मला "वाढवा" म्हटलं आणि मी भलतंच वाढवून बसलो...

काकू म्हणजे आमच्या अण्णांच्या मिसेस. आणि अण्णा म्हणजे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर डिझाइन करणारा माणूस. जुन्या रेडिओत असायच्या ना, त्या काचेच्या नळ्या... आत दिव्यासारखी तार पेटते. पुण्या-मुंबईचे शौकीन गाडी काढून त्यांच्याकडे नुसतं ऐकायला यायचे आणि गावात निम्म्यांना वाटायचं, अण्णा रेडिओ दुरुस्त करतात.

आपल्याकडे व्हॉल्व्हला सरळ वाल म्हणतात. एकदा रशियातून पार्सल आलं तर पोस्टमन म्हणाला, "आण्णा, वाल एवढ्या लांबून कशाला मागवता राव? आमच्या बांधावर लई आलेत." हा किस्सा अण्णा शेवटपर्यंत सांगायचे आणि मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचो.

माझा डिंगोऱ्यात मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. डीजे आले, माझे भोंगे माळ्यावर गेले. मग बायको गेली आणि घरही गप्प झालं. दर रविवारी बाईक काढायची, जुन्नर, घोडेगाव करत शिनोली गाठायची, एवढंच एक ठिकाण उरलं होतं.

"आला का, तुझ्या भोंग्यांनी किती म्हशी आटल्या रे?" असं अण्णांचं स्वागत. अख्ख्या आठवड्यात माझी चेष्टा करणारं तेवढं एकच माणूस होतं.

अँप चालू केला की लगेच रेकॉर्ड लावायची नाही, हा त्यांचा नियम. नळ्या तापेपर्यंत चहा, आणि चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. "आधी कान रिकामे होऊ देत," म्हणायचे. काकू दारातूनच कप देऊन स्वयंपाकघरात जायच्या.

अँपला हात फक्त अण्णांचा. मला कधी साधं बटण दाबू दिलं नाही... आणि आवाजाचा नॉब निम्म्याच्या पुढे कधी गेला नाही.

गेल्या वर्षी भाताच्या काढणीत अण्णा गेले. माझे रविवार मोकळे झाले... मोकळे कसले, ओसाडच. एकदोनदा सवयीनं निघालो, घोडेगावात भेळ खाल्ली आणि परत फिरलो. पुढे जाऊन कुणाला भेटणार होतो?

आणि मग काकूंचा फोन आला. "भाऊ, पोरगी मला पुण्याला न्यायला येतीय. अँप बी उद्या जायचाय. जायच्या आधी एकदा लावून द्या, चालतोय का बघा." तो चालतोय हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

खरं सांगू? तो अँप मला हवा होता. पण अण्णांनीच तो त्यांच्या पुण्यातल्या एका शिष्याला द्यायचा ठरवून ठेवला होता, त्यामुळे मागायला तोंड नव्हतं. रस्ताभर एकच डोक्यात... हे शेवटचं ऐकणं.

त्या दिवशी काकू पहिल्यांदा त्या खोलीत येऊन बसल्या. अण्णांच्या खुर्चीत दोघांपैकी कुणीच बसलं नाही. आम्ही नियमानं गप्प बसून चहा प्यायलो, नळ्या तांबूस झाल्या, मी भजनाची एक रेकॉर्ड लावली.

अर्धी झाली असेल... काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, वाढवा आता."

मला वाटलं, बिचारीनं इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय, कमी येत असेल ऐकू. फिरवला नॉब... निम्म्याच्या पुढे, पार टोकापर्यंत! तावदानं थरथरली, आतली भांडी वाजायला लागली.

"आवो, त्या नळ्यांतलं दिवं वाढवा म्हनलं मी! दिव्याला कुनी बंद करा म्हनतं व्हय?"

नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, दिवाही वाढवतात. मला काय हे ठाऊक नव्हतं? पण जन्म लाऊडस्पीकरात गेलेला माणूस मी, वाढवा म्हटलं की आवाजच!

ओशाळून नॉबकडे हात नेला तर काकूंनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या. ह्यांनी कदी एवढा मोठा लावूच दिला न्हाई." आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना गेला... अण्णा गेल्यापासून मीही तेव्हाच पहिल्यांदा रडलो. त्या आवाजात कुणाचं रडणं कुणाला ऐकू आलं नाही, ते बरंच झालं.

रेकॉर्ड संपल्यावर काकूंनी स्वतः बटण दाबलं. नळ्यांची लाली लगेच जात नाही, आम्ही ती जाईपर्यंत बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी अँप गेला. आठवड्याभरात काकूही लेकीकडे पुण्याला गेल्या. घराला कुलूप.

काल रविवार होता. दुपारी पडून होतो तेवढ्यात काकूंचा फोन... "भाऊ, च्या ठेवला का?" म्हटलं, ठेवतो. त्यांनीही तिकडे ठेवला. मग दोघंही फोन कानाला लावून, गप्प बसून चहा प्यायलो. तिकडून लिफ्टचा आवाज येत होता, इकडे शेजारच्यांची म्हैस ओरडत होती.

चहा संपल्यावर काकू म्हणाल्या, "बरं भाऊ, वाढवू का आता फोन?"

या वेळी मला बरोबर कळलं. "वाढवा काकू," म्हटलं... आणि तरी बराच वेळ फोन कानालाच धरून बसलो.