उपरण्याखालचे घास

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विसर पडू लागला तेव्हा गावानं त्याला म्हातारचळ म्हणून टाकलं. मला त्या शब्दाचा संताप यायचा. जामखेडच्या बाजारात उभी हयात बैलांची दलाली केलेला माणूस. दात पाहून सांगितलेलं बैलाचं वय कधी चुकलं नाही. आणि आता मला, पोटच्या पोरीला, विचारायचे, "बाई, तुमचं गाव कोन्चं?"

तेही मी चालवून घेतलं असतं, पण त्यांनी जेवण सोडलं. दुष्काळाचं साल. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीची लाल भाकरी आमटीत कुस्करून पुढे धरली की तोंड घट्ट मिटायचे. असंच चाललं तर पंधरा दिवसही कठीण, असं डॉक्टर म्हणून गेले.

मी शाळेत मास्तरीण. पोरांवर चालतात ते सगळे उपाय करून झाले, गोडीगुलाबी, दटावणी, शेवटी रडणंसुद्धा. एकदा त्यांचा हात धरून म्हणाले, "आबा, पाच घास खा. फक्त पाच." त्यांनी हात असा झटकला की वाटी पालथी झाली.

बाजारातले त्यांचे एक जुने जोडीदार ओट्यावर बसले होते. त्यांना मी काका म्हणायची. ते हसायला लागले. "आगं येडे, दलालाशी असा उघड्यावर सौदा करत्यात व्हय?"

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. आम्हा बायकांना हे कोण शिकवणार? काकांनी उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं, आबांची पाच बोटं दाबली आणि वाटीकडे मान हलवली. आबा एकदम सावध झाले. डोळे बारीक केले. उपरणं हललं.

"दोन म्हंतोय," काका म्हणाले.

शेवटी चारावर पटलं, आणि आबांनी चार घास मुकाट्यानं खाल्ले. दिल्या शब्दाला जागणारा माणूस!

दुसऱ्या दिवसापासून सौदा मी हातात घेतला. मी आठ मागायची, ते दोनावर अडून बसायचे, रोज पाच-सहावर मिटायचं. त्यांचा हात इतका वेळ हातात घेऊन मी जन्मात कधी बसले नव्हते. आधी लाज वाटायची. मग वाटीतलं संपलं तरी उठावंसं वाटेना.

एका दुपारी मी हट्टाला पेटले. आठ म्हणजे आठ. त्यांनी तीन केले, पाच केले, सुस्कारा टाकला आणि कबूल झाले. मग काकांकडे वळून हळूच म्हणाले, "पोरगी लई चिवट हाय. कुनाची रं?"

काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुझीच हाय, गड्या."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "तरीच," म्हणाले, आणि तोंड उघडलं.

आठ घास झाले. मी हात काढून घेणार, तोच उपरण्याखाली त्यांनी माझं एक बोट दाबलं. आणखी एक.