माझंच रक्त, माझ्याच मांडीत

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाच्या खो-खो संघात माझी निवड झाली. आरमोरीतून त्या वर्षी मी एकटीच होते. सामन्यांना तीन आठवडे उरले होते. सरावात खांबाकडे झेप घेतली आणि उजव्या मांडीत मागच्या बाजूला काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. उठून दोन पावलं टाकली आणि तिथंच खाली बसले. दुसऱ्या दिवशी मांडीवर गुडघ्यापर्यंत काळंनिळं उतरलं होतं.

संघातली एक ताई घरी भेटायला आली. म्हणाली, "दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेऊन टाक. मीही घेतलं होतं. खेळून ये, मग पाहू."

मला ते पटलं होतं. बाबांना नाही. ते राइस मिलमध्ये कामाला होते, त्यांनी एक दिवसाची सुट्टी टाकली आणि आम्ही सकाळच्या एसटीने चंद्रपूरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पडद्यावरचा एक काळसर पट्टा दाखवून म्हणाले, "इथं स्नायू फाटलाय."

मी म्हणाले, "दुखू नये असं इंजेक्शन द्या ना. फक्त तीन आठवडे."

"देता येतं. दुखणं दबेल, पण फाटलेलं तसंच राहील. तू जोरात पळशील आणि उरलेलाही फाटेल." मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला. माझंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं आणि त्यातला जखम भरायला मदत करणारा भाग मांडीत टोचायचा. "पण खात्री देत नाही," ते म्हणाले. "काहींना फरक पडतो, काहींना नाही. व्यायाम मात्र चुकवायचा नाही."

बाबांनी विचारलं, "ते सामने?"

"या वर्षी नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "तुले काय वाटते? पाय तुझा हाय."

मी पडद्यावरच्या त्या काळसर पट्ट्याकडे पुन्हा पाहिलं. शेवटी म्हणाले, "टोचा."

दंडातून रक्त घेतलं. नळी मशीनमधून बाहेर आली तेव्हा खाली लाल आणि वर पिवळसर असे दोन थर झाले होते. बाबा ती नळी निरखत राहिले. सुई आत गेली तेव्हा मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

पुढचे दोन दिवस आधीपेक्षा जास्त दुखलं. घाबरून मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, असं होतं. पॅरासिटामॉल चालेल, पण सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेऊ नको, त्यांनी इंजेक्शनचा परिणाम कमी होऊ शकतो.

संघ माझ्याविना गेला. सामने मी घरी पलंगावर पालथी पडून, मोबाईलवर पाहिले. माझ्या जागी घेतलेली मुलगी छान खेळली. मला आनंद झाला आणि रडूही आलं. आईनं विचारलं, "काऊन रडून राह्यली?" मी पाय दुखतो म्हणून सांगितलं.

नंतर रोज व्यायाम. टाच भिंतीला दाबायची, पालथं पडून पाय हळूहळू दुमडायचा. दोन महिन्यांनी हलकं पळायला लागले, पाचव्या महिन्यात पुन्हा खांबाकडे झेप घेतली. पुढच्या वर्षी संघात होते. पहिल्याच सामन्यात लवकर बाद झाले, पण पाय दुखला नाही.

इंजेक्शननं बरं झालं की विश्रांती आणि व्यायामानं, ते आजही सांगता येणार नाही. शेवटच्या तपासणीत मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मलाही नक्की माहीत नाही." त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तेव्हा.