तू बोल, मी ऐकतोय

घरून फोन आला की मामू उभे राहायचे. खुर्चीत असले तर खुर्चीतून, जेवत असले तर ताटावरून. बस चालवताना फोन वाजला तर घेत नसत. गाडी पोर्टच्या आवारात लावायचे, खाली उतरायचे, डोक्यावरची टोपी नीट करायचे आणि मग स्वतः घरी फोन लावायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "मामू, बायकोचाच फोन आहे, कंपनीच्या मालकाचा नाही." तर म्हणाले, "बसून बोललं की आवाज बसका जातो, साहेब. तिला वाटतं मी आजारी हाय. मग ती जेवत नाय."

मामू आमच्या कंपनीच्या स्टाफ बसचे ड्रायव्हर. गाव दापोलीच्या बाजूचं, कतारमध्ये सव्वीस वर्षं, आणि दर दोन वर्षांनी दोन महिने घरी. सकाळी अल सद्दच्या गल्ल्यांमधून आम्हाला उचलायचं आणि हमद पोर्टच्या ऑफिसात सोडायचं, संध्याकाळी उलट. एसीच्या गारव्यात आमच्या माना कलंडलेल्या असत. पोर्टचं गेट दिसलं की मामू आरशात बघून हाक द्यायचे, "उठा साहेब लोक, पगार जागा झाला!" कुणी उशिरा आलं तर त्याला बोल लावत नसत. दार लावताना फक्त "यल्ला", म्हणजे चला, एवढंच म्हणत, पण ते इतकं मऊ की दुसऱ्या दिवशी तो माणूस पाच मिनिटं आधी येऊन उभा असे. बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून माझी जागा त्यांच्या पाठीमागची.

त्या दिवसांत इंटरनेटवरचे नेहमीचे कॉल इथे धड लागत नसत. मामू फोनचं कार्ड विकत घेऊन बोलायचे, आणि मामींचं बोलणं काही कार्डात मावणारं नव्हतं. "तिला सलाम करून दम घ्यायलाच दोन मिनिटं लागतात," ते म्हणायचे. मला अशा गोष्टींत आपली हुशारी दाखवायची भारी हौस. मी एक फुकटची इंटरनेट फोन सेवा शोधून काढली. एक छोटा डबा गावी जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवला, त्यांच्या पुतण्यानं तो घरच्या इंटरनेटला आणि जुन्या फोनला जोडला. मामींनी रिसीव्हर उचलायचा, दोन आकडे दाबायचे, की मामूंचा मोबाइल वाजायचा. त्यांनी उचलला नाही तर व्हॉइसमेल. खातं उघडायला ईमेल लागत होता. मामूंकडे तो नव्हता, म्हणून मी माझा घातला.

मामींना ऐकू जाणारा आवाज मामूंनी पोर्टवर, बसच्या सावलीत उभं राहून रेकॉर्ड केला. मी सांगितलं, "म्हणा, मी आत्ता कामात आहे, निरोप ठेवा." मामूंना ते अजिबात पटलं नाही. "निरोप ठेव असं कसं सांगू? ती काय पोस्टात आलीय?" मग घसा साफ करून ते आपलं स्वतःचं वाक्य बोलले: "मी गाडीवर हाय. तू बोल, मी ऐकतोय."

मामींनी ते वाक्य जसंच्या तसं खरं मानलं. त्या बोलायच्या आणि मध्येच थांबायच्या, नवऱ्याच्या होकारासाठी. मग पुढचं. मामूंनी मला हे एकदा लाजत लाजत सांगितलं होतं. सगळे उतरून गेले की ते रिकाम्या बसमध्ये उभे राहून निरोप ऐकत. "थांबते तिथं मी हं म्हणतो, साहेब. तिला ऐकू जात नाय. पण ती थांबलीय आणि मी गप्प, हे बरं दिसतं का?"

हे त्यांनी मला विश्वासानं सांगितलं. त्या विश्वासाचं मी काय केलं ते आता लिहितो.

प्रत्येक निरोपाची एक प्रत माझ्या ईमेलवर येत असे. सेटिंगमधली एक खूण काढली असती तर ती बंद झाली असती. अर्ध्या मिनिटाचं काम. पहिला निरोप मी यंत्र नीट चालतं का हे बघायला ऐकला. दुसराही तेच बघायला. तिसऱ्यापासून मला चटक लागली. बकरीनं शेजारणीची ओढणी खाल्ली, पंपवाला दोनदा येऊन चहा पिऊन गेला आणि पंप तसाच, नणंद आली आणि पापड घेऊन गेली. एकेक निरोप सहा-सात मिनिटांचा. प्रत्येकाच्या शेवटी माझी आठवण ठरलेली: "ज्या साहेबांनी हे करून दिलं त्यांना अल्ला सुखात ठेवो." ते ऐकूनही मला सेटिंग बदलावंसं वाटलं नाही.

दर शुक्रवारी दुपारी आमच्या फ्लॅटवर चार मराठी मित्र जमायचे. पोहे, चहा, पत्ते. एका शुक्रवारी गप्पा मंदावल्या तेव्हा मी बकरीचा निरोप लावला. खोली हसून हसून लोळली. मग दर शुक्रवारी फर्माईश होऊ लागली. आणि मामी थांबतात तिथं मामू काय करतात, हेही मी सांगून टाकलं. त्यानंतर मामी थांबल्या की आम्ही पाचही घोडे एका सुरात "हं" म्हणायचो.

माझी बायको उठून स्वयंपाकघरात जायची. अकरा वर्षांची मुलगी एकदा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट युअर मेसेज." मी तिला अभ्यास करायला पाठवलं.

मामूंचा एक मित्र अल रुवैसला मासेमारीच्या बोटीवर होता. सुट्टीच्या दिवशी मामू त्याच्याकडे जायचे आणि येताना कधीमधी माझ्यासाठी मासळी आणायचे, त्या डब्याची परतफेड म्हणून. मी नको म्हणायचो आणि पिशवी घ्यायचो. त्या शुक्रवारी ते येणार हे मला माहीत नव्हतं. पाहुणे आले की आमचं दार उघडंच असे.

नुकतीच ईद झाली होती. निरोपात मामी सांगत होत्या की यंदा केसांना मेंदी लावली, रंग चांगला चढला. "म्हटलं लावावी. कोण बघणार हाय म्हणा." आणि त्या थांबल्या. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबल्या.

आम्ही पाच जणांनी "हं" म्हटलं. एकानं वर एक उसासाही जोडला. हशा पिकला.

चहाचं बघावं म्हणून मी वळलो तर दारात, आमच्या चपला-बुटांच्या मध्ये, मामू उभे. हातात पिशवी, पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मागे मामींचा आवाज चालूच होता. कुणालाही तो बंद करायचं सुचलं नाही. मामूंनी पिशवी पुढे केली. म्हणाले, "सुरमई हाय. ताजी हाय, लगेच साफ करा." आणि गेले. लिफ्ट चौथ्या मजल्यावर यायला वेळ लागतो. मी चार पावलं टाकली असती तरी ते भेटले असते. मी पिशवी घेऊन आत गेलो आणि मित्रांना म्हणालो, "त्यांनी ऐकलं नसेल." सगळे म्हणाले, "नसेलच." त्या दिवशी पत्ते लवकर आवरले.

रविवारी बसमध्ये मामू नेहमीसारखेच. "यल्ला." पोर्ट आल्यावर पगार जागा झाला. मी मात्र सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसलो होतो. चाळीस मिनिटं मनात माफीची वाक्यं जुळवत होतो, आणि गेट आलं तेव्हा घाईघाईनं उतरलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्याची सवय झाली. लाजेचीही सवय होते, हे मला तेव्हा कळलं.

त्या आठवड्यात मामींचा पुढचा निरोप आला. बारा सेकंदांचा. "सगळं ठीक हाय. बकरी बरी हाय. जेवत जाव. खुदा हाफिज." नंतरचा अकरा सेकंदांचा. मी समजलो. मामूंनी त्यांना सांगितलं होतं, तुझं बोलणं पाच परके पुरुष ऐकतात आणि हसतात. कोणती बाई त्यानंतर बोलेल? मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी मी सेटिंगमधली ती खूण काढली. खरंच अर्धं मिनिटही लागलं नाही.

पुढे तीन वर्षं मामू तशीच बस चालवत राहिले. मासळीही आणत राहिले, पण आता खाली वॉचमनकडे ठेवून जात. मग त्यांचं वय झालं आणि कंपनीनं त्यांना घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी हात मिळवले. मी मुद्दाम मागे थांबलो आणि कसंबसं तोंड उघडलं, "मामू, त्या शुक्रवारी..."

"खलास, साहेब," ते म्हणाले. माझा हात दोन्ही हातांत घेतला. "गावाला या. तुमच्या मामीला भेटवतो." मी त्या खलासचा अर्थ माफी असा लावला, कारण तो मला सोयीचा होता.

मागच्या सुट्टीत मी दापोलीला गेलो होतो. जवळ जाऊनही टाळणं फारच उघड झालं असतं, म्हणून एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. खरं तर पाय ओढत गेलो. या बाईच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, हीच धास्ती. मामी अंगणातच उभ्या होत्या, पदर सावरून हसत. "ह्ये साहेब का ते! माझ्या दुवा पोचल्या ना?" त्यांनी मला पाटावर बसवलं. तांदळाची भाकरी, माशाचं सालन, वर सांदण. मी गोंधळून मामूंकडे बघत होतो. मामींना काहीच माहीत नव्हतं.

भाकरी वाढता वाढता मामी म्हणाल्या, "साहेब, तुमी मशिनचे जाणते. एक इचारू? आधी त्या डब्यात किती पण मावायचं. मग हे बोलले, डबा आता लहान झालाय, चार शब्दांवर काय मावत नाय. असा कसा लहान झाला?"

मामू खाली बघून भाकरीचा तुकडा मोडत होते.

"कंपनीनं नियम बदलला, मामी," मी म्हणालो. "सगळ्यांचेच लहान झाले."

मामींनी तवा ठेवला आणि पदरानं कपाळ पुसलं. "असं होय! तीन वरसं मला वाटत होतं, ह्यांनाच माझ्या बोलण्याचा कंटाळा आला. तसं कधी इचारलं नाय. आता घरात समोर बसतात, तरी मी मोजकंच बोलते. कशाला तरास द्या माणसाला."

"आता साहेबांनीच सांगितलं," मामू म्हणाले. "पटलं ना?" आणि त्यांनी कढईतला माशाचा मोठा तुकडा उचलून माझ्या ताटात घातला.

मी तो खाल्ला. आणखी मागूनही घेतला, कारण नको म्हटलं असतं तर मामींनी का म्हणून विचारलं असतं.