कळसूबाईच्या वाटेवरची अट

कळसूबाईला जायचं ठरवलं आईने. माझं लग्न जमलं तर शिखरावर येऊन ओटी भरीन, असा नवस ती बोलली होती. एकाहत्तर साली उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि नवरात्रातला मंगळवार तिने पक्का केला. आम्ही तिघं: आई, मी आणि चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली माझी बायको विमल. हल्ली तुम्ही मंडळी गाडी थेट बारी गावात लावता, लोखंडी शिड्या चढता आणि दुपारच्या जेवणाला खाली उतरता. तुमच्यासाठी वाटेची माहिती देणारच आहे, पण या प्रवासात मला जे धक्के बसले ते सगळे काही डोंगराचे नव्हते.

त्याआधी एक गोष्ट कबूल करतो. विमल जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बघायला गेलो तेव्हा तिने एकच अट घातली की नोकरी सोडणार नाही. मी लगेच हो म्हणालो. घरी येऊन आईला मात्र हे सांगितलंच नाही, कारण सून घरात हवी हे तिच्या मनात पक्कं होतं. लग्नानंतर आई म्हणाली, "आता शाळा पुरं." मी विमलला सांगितलं, "आई ऐकत नाही, काही दिवस धीर धर." तिचा राजीनामाही मीच नेऊन दिला. दोन्हीकडे गोड बोलून वेळ मारून न्यायची, ही माझी तेव्हाची हुशारी होती.

सोमवारी सकाळी नगरच्या स्टँडवर विमलची पत्र्याची ट्रंक उचलली तेव्हा खांदा भरून आला. "दोन दिवसांना एवढं काय घेतलंस?" म्हणून विचारलं. "लागेल," एवढंच ती म्हणाली. संगमनेरला गाडी बदलायची होती. तिथे मी भजी खाल्ली; आईचा उपास, तिने केळी आणि शेंगदाण्याचे लाडू काढले. अकोले गावापर्यंत रस्ता बरा होता. राजूरच्या पुढे तो कधी संपला आणि खड्डे कधी सुरू झाले ते कळलं नाही. एका वळणावर कंडक्टरने सगळ्या पुरुषांना खाली उतरवून गाडीला धक्का मारायला लावलं. नगरच्या कोरड्या माळावर वाढलेला मी ती हिरवी भातखाचरं आणि पिवळ्या फुलांनी भरलेले उतार पाहतच राहिलो. हा आपलाच जिल्हा, यावर माझा विश्वास बसेना.

बारीत मुक्काम चिमाबाईंकडे होता. त्या आईच्या माहेरच्या ओळखीच्या, पन्नाशीच्या, काटक बाई. त्यांनी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी वाढली आणि आईला वरीचा भात. जाणाऱ्यांना माझा सल्ला, ही भाकरी चुकवू नका. ट्रंक त्यांच्याच पडवीत ठेवली आणि मंगळवारी उजाडताच निघालो. तेव्हा वाटेवर पाट्या नव्हत्या, माहीतगार माणूस लागायचाच. चिमाबाई पुढे, डोक्यावर ओटीची पाटी, पायांत काही नाही. त्यांच्या मागे विमल. घरात कधी पावलाचा आवाजही न करणारी ही बाई डोंगर अशी चढत होती की मला दम लागला तरी अंतर कमी होईना.

पहिली खडी चढण संपल्यावर एक सपाटी लागली. चिमाबाईंनी पाटी खाली ठेवली आणि आई एका दगडावर टेकली.

"हे थाळेमेळ," चिमाबाई म्हणाल्या. "कळसूनं हितं भांडी घासली."

आईने विचारलं, "म्हंजी कसं?"

"कळसू आमच्यातलीच पोर. पाटलाच्या घरी कामाला ऱ्हायली. पन आधी अट घातली, समदं काम करीन, केर काढनार न्हाई न् भांडी घासनार न्हाई. पाटील व्हय म्हनला. मग येक दिस लई पाव्हनं आलं, तवा तिला जबरीनं भांडी घासाया लावली, केर काढाया लावला. तिनं केलं. भांडलीबी न्हाई. पन मग घर सोडून डोंगरावर निघून आली, ती परत गेलीच न्हाई."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. तो तसाच खाली ठेवला.

आई हळहळली. "आधी व्हय म्हनायचं न् मग फिरायचं, ह्याला काय अर्थ हाय? कबूल केलं तं पाळाया नगं?"

विमल आईसमोर येऊन उभी राहिली. आवाज शांत होता. "मग माझी अट का मोडलीत, आई?"

"कसली अट?"

"नोकरीची. लग्नाआधी कबूल केली होतीत ती."

"मला कुनी सांगितलं न्हाई," आई म्हणाली. "मला वाटलं, तुलाच शाळेचा कंटाळा आलाय. मधू तसंच म्हनला."

तसंही मी म्हणालो होतो. आता लपवण्यात अर्थ नाही. दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या. राग मी समजू शकलो असतो, पण दोघींच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. हा माणूस नक्की कोण आहे, असं त्या बघत होत्या. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चिमाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली.

पुढची वाट अवघड आहे. तेव्हा शिड्या नव्हत्या. कातळात खोदलेल्या पावट्या आणि हाताला साखळी. वाऱ्याने साखळी गार पडली होती आणि खाली बघण्याची सोय नव्हती. आईचा पाय घसरला तेव्हा मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला आणि विमलचा धरला. माथ्यावर देवीचं लहानसं देऊळ आहे, चार माणसं दाटीने मावतील एवढं. समोर भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, दूरवर किल्ल्यांची रांग. एरवी मी या देखाव्यावर चार पानं लिहिली असती. आईने ओटी भरली, बराच वेळ डोकं टेकलं, आणि विमलचाच हात धरून देवळातून बाहेर आली. उतरताना गुडघे जातात, काठी जवळ ठेवा.

दुपारी चिमाबाईंच्या अंगणात पोचलो तर शाळेचे गुरुजी आमची वाट पाहत बसले होते. ते उठले आणि विमलला म्हणाले, "या बाई. ट्रंक खोलीवर नेऊन ठेवली. उद्यापासून पहिली-दुसरी तुमच्याकडं."

मला वाटलं, यांची माणसं चुकली. पण विमलने पिशवीतून कागद काढून त्यांना दिला. राजीनामा मंजूर व्हायच्या आतच तिने तो अर्ज करून मागे घेतला होता आणि जिथे जायला कुणी तयार नसतं अशी शाळा मागितली होती. नवसाचं ठरल्यावर शाळेसाठी बारीचं नाव तिनेच सुचवलं होतं. म्हणजे तिचा संसार नगरपासून मीच खांद्यावरून वाहून आणला होता.

"विमल, आता आईला कळलंय," मी म्हणालो. "ती काही अडवणार नाही. नगरजवळची शाळा बघू. घरी चल."

"आईंना आज कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज मी वाढलेलं जेवत होतात, आणि आईंबद्दल माझं मन कडू होताना बघत होतात."

मी आईकडे पाहिलं. शेवटी ती माझी आई, काहीतरी बोलेल असं वाटलं. ती बोललीही. "मधू, तुझी गाडी चुकंल. तू निघ. मी ऱ्हाते हितं. पोरगी नव्या गावात एकटी कशी ऱ्हाईल?"

"आई, अगं घरी..."

"घरी तू हायेस की."

बारीहून दुपारनंतर राजूरला जाणारी एकच गाडी असे. खिडकीजवळची जागा मिळाली. रात्र संगमनेरच्या स्टँडवर बाकावर काढली आणि बुधवारी सकाळी नगर गाठलं. जाताना तिघांच्या गर्दीत घामेजलो होतो. परतताना शेजारची जागा मोकळी, हात मोकळे, खांदाही मोकळा, आणि मला एकसारखं काहीतरी गाडीत विसरल्यासारखं वाटत होतं.

दाराचं कुलूप काढत होतो तेवढ्यात शेजारच्या काकू ओट्यावर आल्या. "काय रे, एकटाच? आई न् विमल कुठंयत?"

उत्तर जिभेवर तयार होतं: आईचे पाय सुजलेत, दोन दिवसांनी येतील. काकूंनी ते सहज मानलं असतं. माझं असलं बोलणं सगळेच मानत आले होते. मी किल्ली हातात धरून उभा राहिलो, आणि अडखळत सगळं सांगितलं. विमलची अट, मी दोघींना काय काय सांगितलं ते, थाळेमेळची सपाटी, शाळा. आई माझ्याबरोबर यायला तयार झाली नाही, तेही.

काकू ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "जेवलास का?"

"नाही," मी म्हणालो. तेही खरंच होतं.