सुहासदादाची खिडकीची जागा

ज्या कामासाठी सुहासदादाला सोडत नव्हते, ते काम तो गेल्यावर एका मीटिंगमध्ये वाटून टाकलं.

चहा यायच्या आत.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर गप्प बसले, आज लिहिते. कुणाला टोचलं तर टोचू दे.

सुहासदादा आमच्या चाकणच्या कंपनीत प्लॅनिंगला होता, मी क्वालिटीला. दोघंही पिंपळे गुरवचे, त्यामुळे कंपनीची बस एकच. दादा मूळचा लातूरकडचा. वहिनी तिकडेच झेडपीच्या शाळेत शिक्षिका. त्यांना बदली मिळेना, म्हणून लग्न झाल्यापासून दोघांचा संसार सुट्ट्यांमध्ये आणि फोनवर.

एक दिवस बसमध्येच म्हणाला, "राजीनामा दिला गं आज. गावाकडं कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी मिळायली. पगार कमी हाय, पण घरचं जेवण मिळंल की."

एवढं खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड एक महिन्याचा. साहेब म्हणाले, "सुहास, दिवाळीचं डिस्पॅच तेवढं काढून दे. तू गेल्यावर कसं होणार?"

काढून दिलं.

मग ऑडिट आलं. मग नवीन लाईन सुरू व्हायची होती. मग मार्च एंड. आता मार्च एंड संपतो तेव्हा एप्रिलचा प्लॅन दारात उभा असतो, हे प्लॅनिंगच्या माणसाला कुणी वेगळं सांगायला हवं का?

कॉलेजवाले बिचारे थांबायला तयार होते. वहिनीही थांबल्या होत्या.

मी भांडायचे त्याच्याशी. "दादा, लेटरमध्ये लिहिलंय तेवढं दिलंस ना? मग निघ की आता!"

"अगं, कामून चिडायलीस? अर्ध्यात टाकून गेलो तर मागच्यांचे हाल हुतील."

"आणि वहिनींचे होतात ते?"

यावर तो मोशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचा.

आमच्या बसमध्ये जागा ठरलेल्या आहेत. कुठे लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या जागेवर बसून दाखवा!

आणि एक रीत आहे. कंपनी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी परत येताना आपली जागा कुणाला तरी देतो. हाताला धरून बसवतो. मग स्वतः ड्रायव्हरच्या मागे उभा राहून घरापर्यंत येतो. सगळे त्याची यथेच्छ खेचतात. तो उतरला की ड्रायव्हर जोरात हॉर्न देतो.

दादाची जागा डावीकडच्या खिडकीची. सकाळी ऊन नाही, संध्याकाळी ऊन नाही. अर्ध्या बसचा तिच्यावर डोळा.

"कुणाला देणार रे दादा?"

"बघू. ज्याच्या डब्यातली भाजी चांगली त्याला."

एका रविवारी दुपारी जेवून झोपला तो उठलाच नाही. हार्ट अटॅक. खोलीत दिवाळीपासून बांधून ठेवलेली खोकी तशीच होती, असं रूम पार्टनर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बस खचाखच भरली होती. लोक उभे राहिले, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही.

कंपनीत दोन मिनिटं शांतता पाळली. आणि मग ती मीटिंग. हे तू बघ, ते तो बघेल, उरलेलं सिस्टिमवर टाका. संपलं! त्या महिन्यात एकही डिस्पॅच चुकलं नाही.

मला इतका राग आला होता की डबा तसाच घरी नेला.

काही आठवड्यांनी वहिनी त्याचं सामान न्यायला कंपनीत आल्या. साहेबांनी परत जायला गाडी देऊ केली. त्या म्हणाल्या, "नको. बसनंच जाते. ते रोज जायचे तसं."

दादाच्या जागेवर बसल्या. शेजारी मी. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत दादाचा मग आणि स्वेटर.

ट्रॅफिकमध्ये बस थांबली, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, त्यांचं काम आता कोण बघतं?"

खरं सांगावं तर त्यांना कळणार, की हा माणूस दिवाळीलाच घरी येऊ शकला असता.

मागच्या सीटवरून स्टोअरचा गणेश घाईघाईने म्हणाला, "अडलंय हो वहिनी. फार अडलंय दादावाचून."

त्या मागे वळल्या. "नका सांगू तसं. नीट चालू हाय म्हणा. तेवढ्यासाठीच तर थांबले होते ते."



नाशिक फाटा आला तशा त्या उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, स्टॉप चुकला. "वहिनी, अजून वेळ आहे."

त्यांनी माझं मनगट धरलं, आत ओढलं आणि मला खिडकीशी बसवलं.

"तुमालाच द्यायची म्हणत होते. फोनवर सांगितलं होतं मला. माझ्यासाठी भांडता म्हणे त्यांच्याशी."

आणि पिशवी खांद्याला लावून त्या ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दांडा घट्ट धरून. पिंपळे गुरवपर्यंत.

कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. सगळ्यांना कळलं होतं.

त्या उतरल्यावर ड्रायव्हरने हॉर्न दिला. फार वेळ दाबून धरला होता. मी रडले, गणेश रडला.

आता मी त्या खिडकीशी बसते. नवी पोरं विचारतात, "ताई, नोटीस किती देऊ?" लिहिलंय तेवढी द्या. चोख काम करा आणि निघा. कुणी म्हणालं, तू गेल्यावर कसं होणार, तर ऐकून घ्या. होतं सगळं. मी पाहिलंय.

सुहासदादा, इथलं सगळं नीट चालू आहे.

आता घरी जा.